तो पिवळा दिवा

दिवाळीच्या दिवसांत एखादी पणती विझलेली दिसली की आपला जीव चुकचुकतो. वात जरा पुढे सारावी, थोडे तेल घालावे आणि ती पुन्हा लावावी, असे आपल्याला वाटते. गेल्या वर्षी मात्र एक दिवा एकदाचा विझावा म्हणून मी महिनाभर देव पाण्यात घालून बसलो होतो. तो दिवा देवघरातला नव्हता की अंगणातला नव्हता. आमच्या मोटारीत चालकाच्या डोळ्यांपुढे ज्या तबकड्या असतात, त्यांच्यातला तो एक हरभऱ्याएवढा पिवळा दिवा होता. वर्तुळात तीन अक्षरे - ए, बी, एस.

मोटार म्हटल्यावर वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. शाळामास्तर, आणि त्यातून कादंबऱ्या लिहिणारा. त्याची मोटार ती कसली असणार? गाडी २०१० सालची. आमच्या दारात आली तेव्हा दोन संसार पाहून आलेली. विकणाऱ्याने मोठ्या अभिमानाने सांगितले होते, "टॉप मॉडेल आहे, सर. एबीएस आहे." मी मान डोलावली. शास्त्राची आणि माझी गाठ मॅट्रिकलाच सुटली. तेव्हापासून, जे समजत नाही त्याला मान डोलावण्याची कला मी चांगली साध्य केली आहे.

गाडीची किल्ली फिरवली की तबकडीतले सगळे दिवे एकदम लागतात आणि दोन-तीन सेकंदांत मालवतात. हा पिवळा दिवाही तसाच मालवे. पण गाडी गल्लीच्या तोंडाशी पोचते न पोचते तोच स्वारी पुन्हा हजर! मी गावातल्या एका गॅरेजात गेलो. तिथल्या माणसाने खिडकीतून डोके आत घालून विचारले, "ब्रेक लागतात ना?"

"लागतात."

"मग झालं तर! दिवा डोळ्यांत खुपत असेल तर बल्बच काढून टाकतो."

बल्ब मी काढू दिला नाही. परंतु माझ्या शहाणपणाचे कौतुक करण्याचे कारण नाही. घरी आल्यावर विजेच्या कामाची काळी चिकटपट्टी शोधली, तिचा नखाएवढा तुकडा कापला आणि त्या दिव्यावर चिकटवून दिला. ही दारात उभी होती. म्हणाली, "दुखणं बरं केलंत, की झाकलंत?" मी ऐकू न आल्यासारखे केले.

आमची मुलगी कराडला कॉलेजात शिकते. नवरात्रातल्या एका शनिवारी मी तिला घेऊन चिपळूणला परत येत होतो. परतीचा पाऊस लागला होता. कोयनानगर मागे टाकून आम्ही कुंभार्ली घाट उतरू लागलो. एका वळणापलीकडे आमच्याच बाजूला एक ट्रक बंद पडून उभा होता. मी जिवाच्या आकांताने ब्रेक दाबला आणि चक्र उजवीकडे वळवले. चक्र वळले, गाडी वळली नाही. रुळांवरून जावी तशी ती सरळ ट्रकच्या पाठीकडे घसरत निघाली.

त्या क्षणी मला काही सुचले असे मी म्हणणार नाही. बहुधा भीतीनेच पाय उचलला गेला असेल. पाय उचलला गेला आणि चाके फिरू लागली, चाके फिरू लागली आणि गाडी वळली. ट्रकच्या मागच्या कोपऱ्याला चाटून जाते की काय असे वाटत असतानाच आम्ही सुटलो आणि पुढे जाऊन थांबलो. मागच्या सीटवरची तिची वह्या-पुस्तके खाली सांडली होती.

पोफळी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. मग तिने हात पुढे केला आणि ती काळी पट्टी नखाने हळूच सोलून काढली. आत दिवा जळतच होता.

"बाबा, हे काय आहे?"

पंचवीस वर्षे मी वर्गात प्रश्न विचारत आलो आहे. इतका अवघड प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी गाडी घेऊन गेलो तो गावाबाहेरच्या एका छोट्या शेडमध्ये. तिथला मिस्त्री माझाच जुना विद्यार्थी. त्याच्याकडे आधी का गेलो नाही, त्याला एक कारण होते. ते पुढे सांगतो.

हात पुसत तो बाहेर आला. त्याने दिवा पाहिला. मी विचारले, "काय झालं असेल रे?"

तो म्हणाला, "आत्ता माहीत नाही, सर. बघावं लागेल."

मग त्याने बघायला सुरुवात केली. आधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइल किती आहे ते पाहिले, फ्यूज पाहिला, बॅटरी तपासली. "याच्या जोडीला तांबडा दिवा लागला असता ना सर, तर गाडी जागची हलवायची नव्हती. नुसता पिवळा असला तर साधे ब्रेक शाबूत असतात. पण जोरात दाबले तर चाकं जाम होतात." मी गप्प राहिलो. मला ते कळून चुकले होते.

मग त्याने चक्राखालच्या खाचेत एक हातभर वायरचे यंत्र खोचले. यंत्राने सांगितले - पुढचे डावे चाक. मला हायसे वाटले. "म्हणजे त्या चाकाचा सेन्सर बदलायचा!" मी म्हणालो. तो हसला. "यंत्र जागा सांगतं सर, कारण नाही सांगत."

आणि मग त्याने मला जे समजावून दिले, ते मी माझ्या भाषेत सांगतो. गाडीत एक छोटी पेटी असते. तिला आपण वर्गशिक्षक म्हणू. हे गुरुजी क्षणोक्षणी चारही चाकांची हजेरी घेत असतात. प्रत्येक चाकाबरोबर एक दातेरी कडे फिरते आणि त्याच्याजवळ, मधे अगदी थोडी फट ठेवून, एक सेन्सर बसवलेला असतो. आमच्या गाडीच्या सेन्सरात एक लोहचुंबक आणि तारेचे वेटोळे आहे. कड्याचा एकेक दाता समोरून गेला की त्या तारेत विजेची बारीकशी लहर उठते. तीच चाकाची "हजर!" ब्रेक दाबल्यावर एखाद्या चाकाची "हजर" एकाएकी मंदावली, म्हणजे ते जाम होऊन घसरू लागले, की गुरुजी त्या चाकाचा ब्रेक किंचित सैल करतात आणि लगेच पुन्हा आवळतात. एका सेकंदात हे अनेकदा घडते. कारण फिरणाऱ्या चाकालाच वळता येते. जाम झालेले चाक चक्राचे ऐकत नाही. कुंभार्ली घाटात ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते.

ही कल्पना आली विमानांतून. धावपट्टीवर उतरताना विमानाची चाके जाम होऊ नयेत म्हणून १९५० नंतरच्या दशकात तशी यंत्रे वापरात आली. १९७८ साली बॉश आणि मर्सिडीज-बेंझ या जर्मन कंपन्यांनी ती इलेक्ट्रॉनिक रूपात मोटारीत आणली. आपल्याकडे २०१९ च्या एप्रिलपासून नव्या मोटारींना ती सक्तीचीच झाली. आमच्या गाडीच्या जन्माच्या वेळी ती हौसेची चीज होती.

मिस्त्रीने जॅक लावून चाक काढले. मीटरच्या दोन तारा आधी उजव्या सेन्सरला लावल्या, मग डाव्या. दोन्हीकडे आकडा जवळजवळ सारखाच, हजार ओहमच्या थोडा वर. "सेन्सर ठीक आहे. बदलला असता तर तुमचे पैसे फुकट गेले असते." मग त्याने वायर हलवून, वाकवून पाहिली, तीही धड होती. तो क्षणभर विचारात पडला आणि डॉक्टर विचारतात तसे त्याने मला विचारले, "सर, हा दिवा लागायच्या आधी, गाडी थांबता थांबता, ब्रेकचं पेडल पायाखाली कधी गुरगुरायचं का?"

मी चकित झालो. पावसाळाभर ते गुरगुरत होते! मला वाटले, रस्ताच खराब आहे.

त्याने खाली वाकून बॅटरीचा उजेड टाकला, हाताने चाकाची धुरी हळूहळू फिरवली आणि म्हणाला, "हे बघा." दातेरी कड्याला एके ठिकाणी चीर गेली होती. आमच्या कोकणच्या पावसाने कड्याखाली गंज धरला होता; गंज फुगला आणि त्याने कडे फोडले. अठ्ठेचाळीस दात्यांत एक फट रुंद झाली होती. दर फेऱ्याला त्या फटीशी "हजर" चुकत होती. गुरुजींना वाटे, चाक जाम होते आहे. म्हणून ते गरज नसताना ब्रेक सैल करू लागत. तेच ते गुरगुरणे. पुढे चीर वाढली आणि गुरुजींच्या ध्यानात आले, की या मुलाच्या उत्तरावर विसंबून निर्णय घेण्यात अर्थ नाही.

"मग गुरुजी काय करतात?" मी विचारले.

"बाजूला होतात, सर. साधे ब्रेक तुमच्या हवाली करतात आणि दिवा लावतात. म्हणजे काय, की माझा आता भरवसा धरू नका. दिवा बिघडलेला नव्हताच. तो खरं तेच सांगत होता."

सेन्सरच्या टोकाला चिकटलेला लोखंडाचा कीस पुसता पुसता तो हे सहज बोलून गेला. मी मात्र स्टुलावर अवघडून बसलो. आता ते कारण सांगायला हवे.

हा मुलगा माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसे. सगळे त्याला "ढ" म्हणत. एके दिवशी तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मठ्ठ मुलाला 'ढ'च का म्हणतात? 'क' का नाही?" मला उत्तर ठाऊक नव्हते. तसे म्हणायला काय हरकत होती? पण मी म्हणालो, "आरशात बघ, म्हणजे कळेल." वर्ग खो खो हसला. तो खाली बसला. त्यानंतर त्याने माझ्या तासाला एकही प्रश्न विचारला नाही. एका चांगल्या दिव्यावर मी त्या दिवशी काळी पट्टी चिकटवली होती.

जुने कडे छिन्नीने काढून, नवे तापवून त्याने जागेवर बसवले. तापलेले कडे निवून घट्ट होईपर्यंत आम्ही चहा घेतला. तेव्हा मी म्हणालो, "तू एकदा 'ढ'विषयी विचारलं होतंस. मला तेव्हा माहीत नव्हतं. फार पुढे वाचलं. बाकीची अक्षरं ब्राह्मी लिपीपासून बदलत गेली, 'ढ' मात्र जवळजवळ तसाच राहिला. म्हणून जो बदलत नाही तो 'ढ', असं सांगतात. मी त्या दिवशी 'माहीत नाही' म्हणायला हवं होतं. तुला हसवलं, ते चुकलं माझं."

त्याने कप खाली ठेवला. थोडा वेळ तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं टिकलं ते एकच अक्षर!" आणि उठून म्हणाला, "चला सर, गाडी काढा. एक फेरी मारून बघू."

आम्ही महामार्गावर जाऊन आलो. दिवा लागला नाही. बिल झाले ते नव्या सेन्सरच्या किमतीच्या पाव हिश्शाइतकेही नव्हते.

आता मी रोज किल्ली फिरवली की गाडी लगेच सुरू करीत नाही. तो पिवळा दिवा लागतो, दोन-तीन सेकंद जळतो आणि मालवतो. तेवढा वेळ मी त्याच्याकडे पाहत थांबतो. आणि वर्गात अधूनमधून एखादे पोर असे काही विचारते, की मला उत्तर येत नाही. तेव्हा मी खडू खाली ठेवतो आणि म्हणतो, "मला माहीत नाही. उद्या बघून सांगतो." पहिल्यांदा असे म्हटले तेव्हा वर्ग अगदी स्तब्ध झाला होता. दुसऱ्या दिवशी पाच हात वर आले.