पांढऱ्या अंगरख्यातला पोरगा

पिंपळगाव रेणुकाईसारख्या गावी लग्नाच्या पंगती उठतात, बुंदीची वाहवा होते. पण चुलाणापाशी घामाने निथळणाऱ्या आचाऱ्याची तसबीर काढावी, असे कोणाच्या मनात येत नाही. शाइम सूतीनच्या मनात ते आले. बेलारूसमधील एका गरीब शिंप्याचा हा मुलगा १९१३ साली पॅरिसला आला आणि चित्रे काढीत कित्येक वर्षे अर्धपोटी राहिला.

१९२० च्या सुमारास त्याने मिठाई करणाऱ्या पोरांची चित्रे रंगविली. त्यांतील एक आज पॅरिसच्या ओरांजरी संग्रहालयात आहे. कान केवढे तरी मोठे, आणि हातांत लालभडक फडके! अंगरखा पांढरा खरा. पण जवळून पाहावे, तो त्यात निळे, पिवळे, हिरवे रंग उसळत असतात. हुबेहूब चेहरा सूतीनला नकोच होता. त्या पोराकडे पाहून स्वतःच्या मनात जे उसळले, ते त्याला रंगवावयाचे होते. अशा चित्रशैलीला अभिव्यक्तिवाद म्हणतात.

अशाच एका चित्रावर अल्बर्ट बार्न्स हा अमेरिकन संग्राहक लुब्ध झाला. १९२२-२३ च्या हिवाळ्यात त्याने सूतीनची पन्नासेक चित्रे विकत घेतली. चित्रकाराची उपासमार संपली. त्या पोराने मात्र दुसऱ्या दिवशीही पहाटे उठून भट्टीच पेटविली असेल.