ओळीचा पत्ता

पाठचिकित्सकास चुकीचा ओळक्रमांक किती छळतो, हे सांगावयास नको. पायथॉन या संगणकभाषेचा कंपायलर यंत्राच्या सूचना मूळ लिखाणाच्या कोणत्या ओळीतल्या, याची नोंद आकड्यांच्या जोड्यांनी ठेवी: इतके बाइट पुढे, इतक्या ओळी पुढे. मागे परतण्याची सोयच नव्हती! फंक्शनला घातलेली हाक चार ओळींवर पसरली, की आधी आतील मूल्ये सिद्ध होत, हाक शेवटी घडे. आणि तिच्या नावे लागे ती चौथी ओळ. त्या निरपराध ओळीत दोष धुंडाळीत प्रोग्रामर रात्र घालवी. २०१६ च्या ३.६ आवृत्तीने ओळींच्या आकड्यास ऋण होण्याची मुभा दिली. हाकेची खरी ओळ दिसू लागली ती २०१९ च्या ३.८ मध्ये. तोवर चौथीने शिव्याशाप निमूट ऐकले.