हरळीचा मान



थायलंडमधल्या एका शाळेत मी २०२३ च्या मे महिन्यात इंग्रजीची शिक्षिका म्हणून रुजू झाले. यंदा सुट्टीत वेरूळला घरी आले, तेव्हा गल्लीतल्या मुलींनी आणि त्यांच्या आयांनी एकच प्रश्न विचारला, "परक्या मुलखात तुझं एकटीचं कसं निभलं?" ओट्यावर बसून त्यांना जे सांगितले तेच इथे लिहिते आहे.

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, लेण्यांबाहेर चित्रांची कार्डे विकत. पावसाळ्यात दुसऱ्याच्या रानात निंदणी-खुरपणी, बाकी दिवस कार्डे. शाळा त्यांनी चौथीत सोडली. तरी इंग्रजीत भाव सांगत, जपानी पाहुणे आले की "इची, नी, सान" म्हणत आकडे मोजत. चुकले तर लाजत नसत. "समोरच्याला कळलं की झालं," हे त्यांचे व्याकरण. शाळा सुटली की मी त्यांच्याजवळ बसे. कधी थायलंडचे यात्रेकरू येत. दहा नंबरच्या लेण्यात, ज्याला आपण सुताराची झोपडी म्हणतो तिथे, ते बुद्धमूर्तीसमोर बसून पाली म्हणत. शब्द ओळखीचे वाटत, पण चाल वेगळीच. तेव्हा माझी समजूत झाली होती की हे लोक चुकीचे म्हणतात.

पुढे नागसेनवनात शिकले. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली सुरू केलेल्या त्या महाविद्यालयाने आमच्यासारख्या किती घरांत पहिला पदवीधर दिला, हे वाचकांना सांगायला नको. एम.ए., बी.एड. झाले आणि तीन वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले. सहा-सहा महिने मानधन हाती येत नसे. शेवटी एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून थायलंडच्या शाळांना अर्ज केले.

व्हिसाच्या रांगेत उभी असताना एकच गोष्ट मनात घोळत होती. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादला किल्ल्याजवळच्या तळ्यावर त्यांनी हातपाय धुतले, म्हणून त्यांना अडवण्यात आले. पुढे ही हकीकत त्यांनी लिहिली, त्या लिखाणाचे नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. आपल्याच देशात ज्यांना पाण्यासाठी परके ठरवले, त्यांच्या पाठीमागून आलेली मी, पाहायला निघालेल्या त्या लेण्यांच्या गावची मुलगी, खरोखरच्या व्हिसासाठी उभी होते. भीती होतीच, पण मागे फिरावेसे वाटले नाही.

मला नोकरी मिळाली ती अयुथ्थया प्रांतातल्या एका लहान गावात. १३५० ते १७६७ पर्यंत अयुथ्थया ही तिथली राजधानी होती, आणि हे नाव आपल्या अयोध्येवरून आलेले. बौद्ध देश म्हणजे आपलेच घर, असे मनाशी धरून गेले होते. तसे झाले नाही. भाषा एक अक्षर कळत नव्हती. माशाच्या पाण्याचा वास सुरुवातीला सहन होईना. पहिल्याच आठवड्यात विहारात पाय पसरून बसले, तर पावले मूर्तीकडे झाली. शेजारच्या मावशींनी हळूच माझे पाय मागे वळवले. त्या देशात पावले मूर्तीकडे किंवा माणसाकडे करणे हा मोठा अपमान. मेल्याहून मेल्यासारखे झाले.

पण काही गोष्टींनी धीर दिला. घरमालकीण बाई उखळीत मिरची, लसूण कुटायच्या, तो आवाज थेट आमच्या स्वयंपाकघरातला. शिक्षकाला तिथे 'ख्रू' म्हणतात, तो आपला 'गुरू'. भाषेला 'फासा', अक्षराला 'अक्सॉन', आचार्याला 'अचान'. हजेरीपटावर सन लिहिलेला २५६६, कारण तिथे वर्ष बुद्धाच्या महापरिनिर्वाणापासून मोजतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, तिथे माणसाला पहिल्या नावाने हाक मारतात. मी 'ख्रू' आणि पुढे माझे नाव, एवढेच. आडनाव काय, गाव कोणते, गावात घर कोणत्या बाजूला, हे कोणी विचारले नाही. रात्री एकटीच बसून त्या गोष्टीवर रडले.

मात्र सगळे गोड नव्हते, तेही लिहिले पाहिजे. जात मागे राहिली तर रंग पुढे आला. माझ्यासोबत रुजू झालेल्या गोऱ्या शिक्षकाला माझ्याहून जास्त पगार होता. त्याच्याकडे बी.एड.सारखी पदवी नव्हती. पालकसभेत एका आईने दुभाष्यामार्फत विचारले, "ह्या बाईंचं इंग्रजी खरं आहे का?" मी हसून उत्तर दिले, पण घरी येऊन जेवले नाही.

मग मी मूर्खपणा केला. मोबाइलवर अमेरिकन लोकांचे बोलणे ऐकून तसे तोंड वाकडे करून शिकवू लागले. दोन महिने हे सोंग चालले. मुलांना आधी थोडेफार कळत होते, तेही कळेनासे झाले. मागच्या बाकावरचा एक मुलगा तर तोंडच उघडत नसे.

सकाळी आठला शाळेत झेंडा वर जातो, राष्ट्रगीत होते आणि मुले हात जोडून पाली म्हणतात. 'बुद्धं' हा शब्द त्यांच्या तोंडी 'फुत्थंग' होतो. ऑगस्टमधल्या एका सकाळी त्यांच्यासोबत मीही म्हणत होते, मराठी उच्चारात. शेजारी उभ्या असलेल्या थाई बाई त्यांच्या उच्चारात म्हणत होत्या. दोघींचे शरण एकच होते. तेव्हा लहानपणीचे ते यात्रेकरू आठवले. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते, ते त्यांच्या जिभेचे होते. मग माझ्या जिभेवरचे इंग्रजी खोटे कसे?

त्या दिवशी वर्गात जाऊन सोंग सोडले. थाई जिभेवर शब्दाच्या शेवटचा 'ल' टिकत नाही, त्याचा 'न' होतो. 'स्कूल'चे होते 'सकून', 'फुटबॉल'चे 'फुटबॉन'. मी फळ्यावर 'स्कूल' लिहिले आणि सांगितले, "माझे वडील याला 'इस्कूल' म्हणतात. मीही आधी तसेच म्हणायचे." वर्ग खो खो हसला. मग 'इ' मी कशी सोडवली ते दाखवले आणि 'ल'साठी जीभ कुठे टेकवायची तेही दाखवले. ज्याला हे जन्मतःच येते त्याला ते वाटेवाटेने सांगता येईलच असे नाही. मी ती वाट पायी चालून आले होते, कोणत्या दगडाला ठेच लागते ते मला ठाऊक होते. तो मागच्या बाकावरचा मुलगा त्या दिवशी तीन वेळा 'स्कूल' म्हणाला. तिसऱ्या वेळी 'ल' आला.

जूनमध्ये एका गुरुवारी तिथे 'वाइ ख्रू', म्हणजे गुरुवंदनेचा दिवस असतो. पहिल्या वर्षी मुलांनी दिलेली फुले मी अर्थ न विचारता बादलीत ठेवली होती. दुसऱ्या वर्षी तोच मुलगा गुडघ्यावर पुढे आला. हातात वांग्याची फुले, सुईसारख्या कळ्यांची लाल फुले आणि हरळीची जुडी. थाई बाईंनी समजावून दिले. वांग्याचे फूल खाली वाकते, ती नम्रता. सुईसारखी कळी म्हणजे तल्लख बुद्धी. आणि हरळी म्हणजे चिकाटी, कितीही तुडवली, उपटली तरी पुन्हा फुटते.

मी आईला फोन लावला. जन्मभर लोकांच्या रानात हरळी उपटून तिच्या बोटांना घट्टे पडले आहेत. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "हरळीला मान हाय व्हय तिथं? मग राहा माय, आनंदानं राहा."

परदेशी शिकवायला जाऊ इच्छिणाऱ्या मुला-मुलींना काही सूचना. पदवीची मूळ कागदपत्रे आणि पोलिसांचा दाखला आधी तयार ठेवा. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांकडून टोइकसारख्या परीक्षेचे गुण मागतात, ती देऊन ठेवा. पर्यटक व्हिसावर जाऊन काम करा असे कोणी सांगितले तर तिथेच नमस्कार करा, तो गुन्हा आहे. नोकरीसाठीचा व्हिसा आणि कामाचा परवाना, दोन्ही लागतात. दर ९० दिवसांनी राहण्याचा पत्ता कळवावा लागतो. एजंटाला पैसे देण्याआधी शाळेशी स्वतः बोला. पगार किती, कोणाला किती, हे विचारायला लाजू नका. मी उशिरा विचारले. विचारल्यावर थोडा वाढला, पण अजूनही बरोबरीचा नाही. ते भांडण चालू आहे.

परवा गल्लीतल्या मुलींना घेऊन पाच नंबरच्या लेण्यात गेले. या लेण्याला 'महारवाडा' असे नाव आहे. आत लांबच लांब दोन बुटके दगडी बाक आहेत. भिक्खू तिथे जेवायला बसत की अध्ययनाला, यावर अभ्यासकांची वेगवेगळी मते आहेत. आम्ही तिथे हळू आवाजात इंग्रजीत एकमेकींची ओळख करून दिली. सगळ्यात धाकटी 'इस्कूल' म्हणाली आणि जीभ चावून माझ्याकडे पाहू लागली.

मी म्हटले, "कळलं मला. पुढचं वाक्य सांग."