‘आनंदी आहात का?’ विचारण्याआधी तास मोजा

दर सहा महिन्यांनी आमच्या ऑफिसात एंगेजमेंट सर्व्हे येतो. आयटीत किंवा बँकेत नोकरी करणाऱ्यांना हे नवीन नाही. ‘इथे काम करण्याचा मला अभिमान वाटतो’, ‘माझा मॅनेजर माझं ऐकून घेतो’ अशी तीस-चाळीस वाक्यं आणि समोर एक ते पाच आकडे. मी सोळा वर्षं पुण्यात आयटीत आहे, असे वीस-पंचवीस सर्व्हे भरून झालेत. त्यावरून झालेलं मत लिहितेय. जिथे खरं उत्तर द्यायला माणूस घाबरतो, तिथे हा सर्व्हे समाधान मोजतच नाही. उलट भीती जितकी जास्त, तितके मार्क चांगले येतात.

सर्व्हे निनावी असतो म्हणतात. पण लिंक प्रत्येकाची वेगळी. भरला नाही, तर ‘तुमचा प्रतिसाद अजून आलेला नाही’ असा मेल नावानिशी येतो. सुरुवातीलाच वय, लिंग, किती वर्षं नोकरी, कुठली टीम हे विचारतात. आमच्या टीममध्ये सात जण, त्यात दहा वर्षांहून जास्त अनुभव असलेली बाई मी एकटी. आता सांगा, वेगळं नाव लिहायची गरज आहे का? शेवटच्या रकान्यातला मजकूर तर जसाच्या तसा वर जातो. कोण कसं लिहितं, हे मॅनेजरला बरोबर कळतं.

मॅनेजरलाही मी फार दोष देत नाही. टीमचा स्कोअर त्याच्या अप्रेझलमध्ये धरतात. मग सर्व्हेच्या आठवड्यात टीम लंच ठरतं आणि जेवताना हसत हसत वाक्य येतं, “चार-पाच द्या रे बाबांनो, नाहीतर मला सहा महिने ॲक्शन प्लॅन लिहीत बसावं लागेल.”

शेजारच्या डेस्कवरचा मुलगा रोज रात्री साडेअकरापर्यंत अमेरिकेच्या कॉलवर असायचा. त्याने सगळीकडे चार दिले. मी विचारलं तर म्हणाला, “ताई, घराचा हप्ता चालू आहे. खरं लिहून काय करू?” तीन महिन्यांनी त्याने राजीनामा दिला. त्या सहामाहीच्या डॅशबोर्डवर मात्र तो ‘समाधानी’ आहे.

ही भीती अगदीच हवेतली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नोएडाच्या ‘येस मॅडम’ कंपनीचा एक ईमेल व्हायरल झाला होता. सर्व्हेत ज्यांनी खूप ताण आहे असं सांगितलं, त्यांना कामावरून काढतोय, असा त्याचा आशय. पुढे कंपनीने खुलासा केला की कुणालाच काढलेलं नाही, तो प्रचाराचा भाग होता, आणि माफीही मागितली. पण तोवर लोकांचा त्यावर सहज विश्वास बसला होता, आणि मला तीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते.

बरं, स्कोअर कमी आला तर होतं काय? योगाचं सत्र, ध्यानाचं ॲप, ‘ताण कसा हाताळावा’ यावर वेबिनार. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या ४६ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांची माहिती तपासून २०२४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. अशा कार्यक्रमांत भाग घेणारे, न घेणाऱ्यांपेक्षा काही बऱ्या स्थितीत नव्हते. स्वयंसेवी कामाची संधी हा एक अपवाद सापडला. कारण उघड आहे. कामाचा बोजा तेवढाच ठेवून माणसाला श्वास घ्यायला शिकवलं, तर बोजा कमी होत नाही.

मग मोजायचंच नाही का? जरूर मोजा. गॅलपच्या प्रसिद्ध बारा प्रश्नांतले पहिले दोन बघा. आपल्याकडून काय अपेक्षित आहे हे माहीत आहे का, आणि कामाला लागणारी साधनं आहेत का. हे प्रश्न कामाच्या परिस्थितीबद्दल आहेत. उत्तर वाईट आलं, तर काय दुरुस्त करायचं ते कळतं.

त्याहून सोपं म्हणजे, एचआरकडे आधीच असलेली माहिती काढा. किती वाजता लॉगिन, किती वाजता लॉगआउट. किती रजा वाया गेल्या. कुठल्या मॅनेजरच्या हाताखालचे किती लोक वर्षभरात सोडून गेले. यासाठी कुणालाही धाडस करून एकचा आकडा टिकवावा लागत नाही.

तासांचा मुद्दा कायद्यातही आहेच. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात मुळात दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास आणि जादा कामाला दुप्पट वेतन असं लिहिलं होतं. २०२४ मध्ये पुण्यात एका तरुण सीए मुलीचा मृत्यू झाला. कामाच्या ताणाबद्दल तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. तेव्हा कामगार खात्याने तपासणी केली, तर त्या ऑफिसची या कायद्याखाली नोंदणीच नव्हती, अशा बातम्या आल्या. त्यानंतर वर्षभराने, सप्टेंबर २०२५ मध्ये, राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली ती दिवसाचे ९ तास १० करायला!

माझी मागणी साधी आहे. शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना सेबीच्या नियमाप्रमाणे दरवर्षी जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो. नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण त्यात असतं. त्याच्याच शेजारी जादा कामाचे सरासरी तास छापायला लावा. ‘ग्रेट प्लेस’चे फलक लॉबीत खुशाल लावा, पण हा आकडाही दिसू द्या. नोकरी शोधणाऱ्या पोरांना तो जास्त उपयोगी पडेल.

आता तुम्ही सांगा, तुमच्याकडे मागच्या सर्व्हेनंतर नक्की काय बदललं? एक जरी गोष्ट आठवत असेल, तर जरूर लिहा.