तापातलं दूध

संपादकांनी विषय देतानाच बजावलं होतं, की वैद्यकीय परिभाषा टाळून लिहा. प्रयत्न करते; पण काही शब्दांवाचून माझं म्हणणं अर्धवट राहील. मी न्यू जर्सीत नवजात बाळांची डॉक्टर आहे. आईला विषाणूचा आजार झाला तर तिने बाळाला अंगावर पाजावं की नाही, हे मला लोकांनी विचारायला हवं. तसं होत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. आधी दूध थांबतं, मग डॉक्टरला कळवलं जातं.

गेल्या हिवाळ्यातली एक बाळंतीण अजून मनातून जात नाही. बाळ जेमतेम दोन आठवड्यांचं आणि आईला फ्लू. बाळंतपणासाठी देशातून आलेल्या आजींनी "तापातलं दूध बाळाला बाधतं" म्हणून पाजणं बंद केलं. जावयाने औषधाच्या दुकानातून सर्दीची गोळी आणली. फोनवर कुणा नर्सला विचारलं, तर तिनेही काही दिवस बाटलीच द्या म्हणून सांगितलं. ताप उतरला तेव्हा पान्हा आटत आला होता. आजी मायेने वागल्या, जावई काळजीने वागला. मला राग आहे तो नर्सच्या उत्तराचा, कारण तिला हे ठाऊक असायला हवं होतं.

फ्लू पसरतो तो श्वासातून, खोकल्यातून, हातांवरून; दुधातून नव्हे. शिवाय लक्षणं दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून आई तो पसरवत असते. म्हणजे ताप चढला तेव्हा बाळाचा संसर्गाशी संबंध येऊनही गेलेला असतो. त्याच दिवसांत आईचं शरीर त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं बनवायला लागतं. त्यातली आयजीए जातीची प्रतिपिंडं दुधात उतरतात आणि बाळाच्या घशाच्या, आतड्याच्या अस्तरावर पहारा करतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देता येत नाही, त्यामुळे हे दूध त्याच्यासाठी फार मोलाचं. मास्क लावावा, हात साबणाने धुवावेत आणि पाजावं. ऑसेल्टामिविर हे फ्लूचं औषध पाजणाऱ्या आईला चालतं. चालत नाही ती जावयाने आणलेली गोळी: तिच्यात सुडोएफेड्रिन असतं, आणि त्याच्या 60 मिलिग्रॅमच्या एकाच मात्रेने दिवसभराचं दूध सरासरी चौथ्या हिश्श्याने घटल्याचं अभ्यासात दिसलं आहे. पहिल्या आठवड्यांत स्तन रिकामे झाले नाहीत, तर शरीर दूध बनवणंच कमी करतं. त्या घरात या दोन्ही गोष्टी एकदम घडल्या.

प्रत्येक विषाणूची वाट वेगळी असते. कावीळ ब असलेल्या आईच्या बाळाला जन्मानंतर बारा तासांच्या आत लस आणि इम्युनोग्लोब्युलिन दिलं, की पाजायला हरकत नाही. कावीळ क असेल तर स्तनाग्राला चीर पडून रक्त येत असेल तेवढ्यापुरतंच थांबायचं. स्तनावर नागिणीसारखे हर्पिसचे फोड असतील, तर त्या बाजूने अजिबात पाजायचं नाही, कारण नवजात बाळाचा हर्पिस जिवावर बेततो. बाळंतपणाच्या आगेमागे कांजिण्या आल्या, तर बाळाला आईपासून काही दिवस दूर ठेवावं लागू शकतं. पण स्तनावर फोड नसतील तर पंपाने काढलेलं दूध देता येतं. आईला दूर ठेवणं आणि दूध बंद करणं हे दोन निर्णय आहेत, आणि लोक ते एकच समजतात.

या गोंधळाचं मूळ माझ्या मते एचआयव्हीत आहे. 1985 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने ऑस्ट्रेलियातल्या एका आईची हकीकत छापली. बाळंतपणानंतर दिलेल्या रक्तातून तिला विषाणू आला आणि तिच्या दुधातून बाळाला. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने एचआयव्ही असलेल्या आयांना पाजू नका म्हणून सांगितलं. तेव्हा औषधं नव्हती. सल्ला बरोबर होता. औषधं आल्यावरही तो इथे जवळजवळ जसाच्या तसा राहिला. 'आजारी आईचं दूध म्हणजे धोका' हे समीकरण त्या काळात शिकलेल्या आमच्या पिढीच्या डोक्यात पक्कं बसलं, आणि साध्या तापालाही आम्ही ते लावत गेलो.

इतर देशांना हा चैनीचा सल्ला परवडणारा नव्हता. बोट्स्वानात 2006 च्या पावसा-पुरानंतर जुलाबाची साथ आली, तेव्हा वरच्या दुधावरची बाळं मोठ्या संख्येने दगावली. त्याआधी 1999 मध्ये डर्बनच्या अभ्यासात एक अनपेक्षित गोष्ट दिसली होती: एचआयव्ही असलेल्या आईचं निव्वळ अंगावरचं दूध पिणाऱ्या बाळांना अंगावरचं आणि वरचं असं दोन्ही पिणाऱ्यांपेक्षा कमी लागण झाली. वरच्या दुधाने आतड्याचं कोवळं अस्तर दुखावतं आणि विषाणूला वाट मिळते, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं.

या संशोधनात पुण्याचा वाटा आहे आणि मराठी वाचकाला तो माहीत नसतो, याचं मला वाईट वाटतं. पुण्याचं बी. जे. मेडिकल कॉलेज आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ यांनी मिळून केलेलं काम, त्याला जोडून इथिओपिया आणि युगांडातलं काम, असा एक अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. अंगावर पिणाऱ्या बाळांना सहा आठवडे रोज नेविरापीन हे एचआयव्हीविरुद्धचं औषध दिलं, तेव्हा सहा आठवड्यांच्या वयाला लागण 5.3 टक्क्यांवरून 2.5 टक्क्यांवर आली. पुढे 'प्रॉमिस' नावाच्या मोठ्या अभ्यासातही आफ्रिकेतल्या केंद्रांबरोबर पुणे होतं. त्यात एका गटातल्या आयांनी औषधं घेतली, दुसऱ्या गटात बाळांना औषध दिलं. 2,400 हून अधिक बाळांपैकी दुधाच्या काळात लागण झाली ती 14 जणांना. अमेरिकेतल्या आयांसाठीचा नियम बदलायला पुण्यातल्या आयांनी असा हातभार लावला.

जानेवारी 2023 मध्ये इथल्या सरकारी मार्गदर्शक सूचना बदलल्या आणि मे 2024 मध्ये अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सने तीच दिशा धरली: आई औषधं नेमाने घेत असेल आणि रक्तात विषाणू सापडत नसेल, तर दुधातून लागणीचा धोका एक टक्क्याहून कमी आहे, तिला पाजायचं असेल तर साथ द्या. बालसंरक्षण खात्याला कळवणं योग्य नाही, हेही सरकारी सूचनांत आता स्पष्ट लिहिलं आहे. मूल काढून घेतील या भीतीने पाजण्याची गोष्ट लपवणाऱ्या आया या देशात होत्या, म्हणून ते लिहावं लागलं.

तरी माझं मन पूर्ण निर्धास्त नाही. एक टक्क्याहून कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि इथे स्वच्छ पाणी व पावडरचं दूध मिळतं, त्याने दुधातला धोका शून्यावर येतो. "डॉक्टर, तुम्ही काय केलं असतं?" असं आई विचारते तेव्हा मी दोन्ही बाजू पुन्हा मांडते आणि निर्णय तिच्यावर सोपवते. याहून प्रामाणिक उत्तर माझ्याजवळ नाही.

कोविडच्या वेळी हीच जुनी भीती उफाळली. एप्रिल 2020 मध्ये अ‍ॅकॅडमीने बाधित आईपासून बाळ तात्पुरतं वेगळं ठेवण्याचा सल्ला दिला. जागतिक आरोग्य संघटना सांगत होती की दोघांना एकत्र ठेवा, पाजू द्या. न्यूयॉर्कमधल्या रुग्णालयांत 116 बाधित आयांच्या 120 बाळांची पहिल्या दिवशी तपासणी झाली. एकालाही लागण नव्हती, आणि पुढच्या आठवड्यात ज्यांचा पाठपुरावा झाला त्यांतली बहुतेक आईच्याच खोलीत राहिली होती. जुलैत अ‍ॅकॅडमीने सल्ला बदलला. त्या मधल्या महिन्यांत ज्या आयांनी काचेपलीकडून बाळ पाहिलं, त्यांच्यासमोर शास्त्राने इतकं ठाम बोलायला नको होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा घरात बाळंतीण आजारी पडली, तर दूध थांबवण्याआधी बाळाच्या डॉक्टरला फोन करा आणि दोन गोष्टी विचारा: हा विषाणू कोणता, आणि तो दुधातून जातो का? औषधाबद्दल शंका असेल तर 'लॅक्टमेड' हा सरकारी माहितीकोश फुकट उपलब्ध आहे. आणि काही दिवस खरंच थांबावं लागलं, तर दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पंपाने दूध काढत राहा.