कातळावरची वही : हप्ता तिसरा

१० सप्टेंबर, सातारा

पुण्याहून निघून साताऱ्याला पोचायला साडेपाच तास. खंबाटकी घाटात ट्रक आडवा झाला होता. खर्च: ताडपत्री ३५०, वडापाव ६०, चहा दोनदा ४०, रिक्षा १२०. एका कचेरीतून परवानगीचं पत्र घ्यायचं होतं. साहेब मीटिंगला गेलेले, उद्या या म्हणाले. बूट अजून कोरडे आहेत.

११ सप्टेंबर, कास

पत्र हातात पडेपर्यंत अकरा वाजले. पठारावर एक वाजता. उंची सुमारे १,२०० मीटर, त्यामुळे ढग वरून जात नाहीत, अंगावरून जातात.

रस्त्यावरून फुलांचा जांभळा गालिचा दिसतो आणि लोक त्यासमोर उभं राहून फोटो काढतात. ही वही लिहिणारी मात्र त्या गालिच्यात पालथी पडून होती, पाठीवर ताडपत्री, समोर पीव्हीसी पाइपची एक मीटर बाय एक मीटर चौकट. चौकटीत दोऱ्या ताणून शंभर घरं केलेली. प्रत्येक घरात कोणती वनस्पती किती, ते मोजायचं. पहिल्या चौकटीला पन्नास मिनिटं लागली. पांढऱ्या बटणांसारखे गेंद, जांभळी सीतेची आसवं, कडेला पिवळा कवला, आणि ४७ नंबरच्या घरात दवबिंदू. त्याच्या लाल चिकट केसांना एक डास अडकलेला, एक पाय अजून हलत होता.

मातीची खोली पोलादी सळईने बघितली. एके ठिकाणी ४ सेंटिमीटर, वितीवर २, पुढच्या घरात नुसता दगड. पावसाने धुऊन निघालेल्या एवढ्याशा मातीत नत्र जवळजवळ नसतंच, म्हणून इथल्या झाडांनी शिकार धरली. सीतेची आसवं उपटून भिंगाखाली धरली तर मातीतल्या धाग्यांवर टाचणीच्या डोक्याहून लहान फुगे दिसतात. फुग्याच्या तोंडाशी दार असतं. पाण्यातला बारीक जीव दारावरच्या केसांना लागला की दार आत उघडतं आणि पाण्याबरोबर तो आत ओढला जातो. पापणी लवायच्या आत खेळ आटोपतो. हे तिने आधी शंभरदा वाचलं होतं, वर्गात फळ्यावर काढूनही दाखवलं होतं. आज भिंगाखाली एका फुग्यात अर्धा पचलेला ठिपका दिसला आणि ती पावसातच बसून राहिली.

बूट ओले. चौकटी दोन. हव्या होत्या सहा.

१२ सप्टेंबर, कास

पाऊस. चौकटी चार. भिंगावर वाफ, वहीची पानं चिकटलेली, पेन्सिलीशिवाय काही चालत नाही. चहा तीनदा ६०, मोजे ९०. मोजे विकत घेऊन काय उपयोग, तासात ओले.

टोपली कारवीचे घुमट हिरवे आहेत, फूल नाही. सात वर्षांनी एकदा फुलते. पश्चिम घाटातल्या ज्या ३९ जागा २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत आल्या, त्यांत कासही आहे. त्याने पठाराला नाव मिळालं आणि गर्दीही. पण असेच सडे, म्हणजे उघड्या कातळाची पठारं, सह्याद्रीभर आणि खाली कोकणात पसरलेत, त्यांच्याकडे कोणी गाडी वळवत नाही. ही फेरी त्यांच्यासाठी.

१३ सप्टेंबर, वाटेत

सातारा–कोल्हापूर–आजरा–आंबोली. गाडी दोन तास उशिरा, मग आजऱ्याच्या अलीकडे पंक्चर. कंबर गेली. बूट ओले. आज काही लिहीत नाही.

१४ सप्टेंबर, आंबोली

पश्चिमेच्या कड्यावर उभं राहिलं तर खाली कोकण, आणि पलीकडे समुद्र हाकेच्या अंतरावर असल्यासारखा. पण इथल्या गुहेतून निघणारी हिरण्यकेशी त्या समुद्राकडे पाठ फिरवते. पूर्वेला जाऊन घटप्रभेला मिळते, तिथून कृष्णेत, आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. उगमाशी मंदिर आहे. तिथल्या पाण्यात सापडलेल्या एका माशाची नवी जात म्हणून २०२० साली नोंद झाली, नाव नदीवरूनच ठेवलं. पुढच्या वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरली. देवाच्या पाण्यात मासे धरायचे नाहीत हा जुना रिवाज आधीपासून होताच. ती काठावर बसून बराच वेळ पाण्यात बघत राहिली. मासे दिसले, चार बोटं लांबीचे, तळाच्या खड्यांना चिकटून.

जळवा अकरा. चौकटी पाच. रात्री तांदळाची भाकरी आणि अळूचं फदफदं. घरमालकीणबाईंनी न विचारता बूट चुलीजवळ ठेवले.

१६ सप्टेंबर, राजापूरजवळ

काल प्रवासात गेला. आजचं मात्र सगळं लिहायला हवं.

इथला सडा कासहून कितीतरी खाली, पण दगड तोच, जांभा. लाखो वर्षांच्या पावसाने मूळ खडकातली सिलिका धुऊन नेली, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे राहिलं, म्हणून तो तांबडा आणि जाळीदार. दहा वाजता चौकट टाकली आणि मागून आवाज आला, "काय गो बाय, कातळावर काय सांडलंय?"

आजी सत्तरीच्या पुढच्या. डोक्यावर इरलं, हातात काठी, पुढे तीन म्हशी आणि एक वासरू. चौकटीकडे वाकून बघितलं, शंभर घरांचं काम समजून घेतलं आणि म्हणाल्या, मोजतेस तर पाणी मोज. मग दुपारपर्यंत त्यांनी सडा दाखवला. ज्या खळग्यांना ती नंबर देत होती, त्यांचा प्रत्येकाचा हिशोब आजींकडे होता. हा दसऱ्याला आटतो. ह्यात म्हशी दिवाळीपर्यंत बसतात. ह्यातलं पाणी गुरं पीत नाहीत. ही भेग वरून वीतभर, पण काठी घातली तर पूर्ण आत जाते. "हे पाणी जातं कुठे?" तिने विचारलं. आजींनी काठीने खालच्या वाडीतली विहीर दाखवली.

भूजलाची पुस्तकं हेच सांगतात. जांभ्याच्या भोकांतून पाणी झिरपत खालच्या चिकणमातीच्या थरापर्यंत जातं, तिथे अडतं आणि सड्याच्या पायथ्याशी झरा होऊन बाहेर पडतं. आजींनी पुढचं सांगितलं, जे तिच्या पुस्तकात नव्हतं. त्यांच्या माहेरचा पऱ्या माघापर्यंत वाहायचा, पलीकडच्या सड्यावर चिरेखाण सुरू झाल्यापासून तो पौषातच थांबतो.

सातबाऱ्यावर ह्या जमिनीपुढे 'पोटखराब' असा शेरा असतो. जिथे नांगर चालत नाही ते खराब, एवढाच त्याचा अर्थ. पण शब्दाचं वजन पडतं. खराब म्हटलेली जागा विकताना, सुरुंग लावून कलमांसाठी खड्डे पाडताना, चिरे कापताना कोणाचा हात अडखळत नाही. खालची विहीर त्याच उताऱ्यावर कुठेच दिसत नाही.

दोन वाजता आजींच्या घरी जेवण: कुळथाची पिठी, भात, सुकटाची चटणी. पैसे काढले तर रागावल्या.

चौकटी तीनच.

१७ सप्टेंबर, देवाचे गोठणे

इथे कातळावर माणसाची आकृती कोरलेली आहे. कोकणातल्या ज्या कातळशिल्पांची नावं २०२२ साली जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, त्यांतलं हे एक. आकृतीजवळ होकायंत्र ठेवलं तर सुई भरकटते. तिने तिच्या सर्व्हेच्या होकायंत्रावर करून बघितलं. चार पावलं मागे सुई सरळ, पुढे आल्यावर तिरकी.

परतताना चिरेखाण. मशीनचं पातं जांभ्यात लोण्यात जावं तसं जात होतं. ताजा कापलेला चिरा मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. फ्रान्सिस बुकाननने केरळातल्या अंगाडिपुरमला हेच पाहिलं आणि १८०७ साली छापलेल्या वृत्तांतात ह्या दगडाला लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून नाव दिलं. खाणीच्या काठावर, पात्यापासून वीसेक पावलांवर, एक खळगा अजून भरलेला होता. पाण्यात बोटाच्या पेराएवढ्या पारदर्शक कोळंब्या उताण्या पोहत होत्या. पाणी आटायच्या आत त्या अंडी घालतात, अंडी तापलेल्या कातळावरच्या सुक्या मातीत उन्हाळा काढतात आणि पाऊस पडला की फुटतात. खाणीवरच्या मुकादमाने मशीन थांबवून स्वतः येऊन बघितलं. म्हणाला, लहानपणी बघायचो, विसरलो होतो.

त्या खळग्यातल्या तळाची मूठभर माती डब्यात घेतली.

१८ सप्टेंबर, एसटीत

राजापूर–कोल्हापूर–पुणे. चौकटी एकूण चौदा. डबा मांडीवर आहे. घरी गेल्यावर माती आधी पूर्ण वाळवायची, काही आठवडे तशीच ठेवायची, मग पावसाचं पाणी घालून रोज सकाळी भिंगातून बघायचं. पाणी आंबोलीच्या घरमालकीणबाईंकडून दोन बाटल्या भरून आणलंय.