बाबागाडी

पहिल्या वर्षाच्या वर्गाला समास शिकवताना मी पुस्तकातली उदाहरणे घेत नाही. ती माझ्या शिक्षकांच्या वेळेपासून तीच आहेत आणि मुलांना ती विग्रहासकट पाठ असतात. म्हणून एकदा मी फळ्यावर ‘बाबागाडी’ हा शब्द लिहिला आणि वर्गाकडे वळलो. पहिल्या बाकावरच्या मुलीने “बाबासाठी गाडी, चतुर्थी तत्पुरुष” असे बिनचूक सांगितले. मी शाबासकी देणार, तोच मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, बाबाने ढकलायची गाडी. मध्यमपदलोपी!”

वर्ग हसला. या पठ्ठ्याने आदल्या रविवारी मला बागेत पाहिले असणार. मीही हसलो, पण घरी जाताना वाटू लागले की मागच्या बाकाचेच बरोबर आहे. आज ‘बाबा’ म्हणजे बाप. पण आपण लाडाने मुलालाही बाबा म्हणतो, त्याची बाबापुता करून समजूत घालतो. साहेबाच्या राज्यात आया त्याच्या पोरांना ‘बाबालोक’ म्हणत. त्या बाबालोकांना संध्याकाळी हवा खायला न्यायची ती बाबागाडी, असा माझा आपला तर्क आहे. पुढे साहेब गेला, आया गेली, आणि गाडीच्या मागे बाप येऊन उभा राहिला. शब्द तोच राहिला, विग्रह मात्र बदलला.

आमचे चिरंजीव या घोटाळ्यात आणखी भर घालतात. गेल्या वर्षी ते चौदा महिन्यांचे होते आणि त्यांना एकच शब्द येत होता, ‘बाबा’. हा शब्द ते मला उद्देशून वापरत आणि गाडीलाही. हाक आली की ती दोघांपैकी कोणाला, हे हातांच्या दिशेवरून ओळखावे लागे. बहुतेक वेळा ती गाडीला असे.

माझे लग्न उशिरा झाले. आज मी शेहेचाळीस वर्षांचा आहे. थोरली पाच वर्षांची होती तेव्हा हा धाकटा झाला. केस पांढरे होण्याचा आमच्या घराण्याचा वारसा मी मात्र वेळेवर चालवला. त्यामुळे बागेत “नातू का?” असे कोणी विचारले की पूर्वी मी खुलासा करी, आता नुसती मान हलवतो.

२०२४ सालच्या डिसेंबरात दिल्लीहून फोन आला की माझ्या सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. सासरे केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त होऊन तिकडेच राहिलेले. घरात दुसरे कोणी नाही. त्याच रात्री सौभाग्यवती एकट्या दिल्लीला गेल्या. मिरजेहून माझी आई मुलांसाठी आली. थोरलीला गोष्टी सांगून निभावता आले, धाकट्याला नाही. आईच्या ओढणीचे टोक मुठीत धरल्याखेरीज तो झोपत नाही. कपाटातली ओढणी काढून दिली, तर दोन रात्री त्याने ती हुंगून पाहिली आणि तिसऱ्या रात्री भिरकावून दिली. तिला नुसता साबणाचा वास होता. सुरुवातीला फोनवर आईचे चित्र दिसले की तो ते चाटायला धावे. सहाव्या दिवशी त्याने पाहून न पाहिल्यासारखे केले आणि चमच्याशी खेळत बसला. त्या रात्री उशिरा हिचा फोन आला. आईच्या प्रकृतीविषयी सारे सांगून झाल्यावर ती एवढेच म्हणाली, “अहो, तो माझ्याकडे बघत नाही.”

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि तिकिटे काढली. दोन वर्षांखालच्या मुलाला विमानात स्वतंत्र जागा लागत नाही. ते मोठ्या माणसाच्या मांडीवर बसते आणि त्याच्या इवल्या पोटाला वेगळा पट्टा मिळतो. गाडी मात्र फुकट नेता येते. आईला हा गाडीचा प्रकार प्रथमपासून नापसंत. “पोराला कडेवर घ्यायला लाज वाटते का रे तुला?” ती म्हणाली. “मी तुम्हां दोघांना एस.टी.तून पंढरपूरला नेलं. एक कडेवर, एक बोटाला आणि डोक्यावर ट्रंक.” मी म्हटले, “आई, तुला कंबर होती.” यावर ती थोडी खूश झाली. पण गुडघ्यांमुळे आपल्याला बरोबर येता येत नाही याचे तिला वाईट वाटत होते, हे मला दिसत होते.

पुण्याच्या विमानतळावर पहिल्या खिडकीशी सारे सुरळीत झाले. मुलाचा जन्माचा दाखला पाहिला गेला, गाडीच्या दांड्याला कागदी पट्टी अडकवली गेली आणि ती विमानाच्या पायरीपर्यंत नेण्याची मुभा मिळाली. आपण फार हुशार आहोत असे मला वाटू लागले, आणि तेवढ्यात सुरक्षा तपासणीची रांग आली.

तिथला कायदा सरळ आहे. मुलाने गाडीत बसून चौकटीतून जायचे नाही. मूल अंगावर घ्यायचे, गाडी मिटायची आणि ती सामानासारखी क्ष-किरणांच्या यंत्रात घालायची. आता आमची गाडी मिटायची म्हणजे डाव्या हाताने एक खुंटी दाबायची, उजव्या हाताने दांडा पुढे लोटायचा आणि त्याच वेळी पायाने खालचा दट्ट्या उचलायचा. घरी हे आम्ही दोघे मिळून करतो. इथे माझ्या एका हातात मूल, दुसऱ्या हाताला थोरली, कमरेचा पट्टा तबकात काढून ठेवलेला आणि त्यामुळे विजारीचीही चिंता. मागे वीस माणसे उभी.

“द्या काका माझ्याकडे,” असे म्हणत मागच्या तरुणाने हात पुढे केले. काळा शर्ट, छातीपर्यंत दाढी, मनगटापासून कोपरापर्यंत गोंदलेले. एरवी रस्त्यात समोरून आला असता तर मी थोरलीचा हात घट्ट धरला असता. पण मी मुकाट्याने मूल त्याच्या हातात दिले आणि दट्ट्याशी झुंजू लागलो. वर पाहतो तो तरुण नाही आणि मूलही नाही! रांग पुढे सरकली होती आणि तो माझ्या मुलासह चौकटीपलीकडे गेला होता. मी या बाजूला, हातात अर्धवट मिटलेली गाडी. दहाच पावलांचे अंतर, पण मधे बंदूकधारी सरकार. ज्याचे नावही मला ठाऊक नाही अशा माणसाकडे माझे मूल होते, आणि ते मीच माझ्या हाताने दिले होते! पलीकडे धाकटा त्या दाढीचे केस एकेक करून मोजत होता.

माझी अवस्था पाहून एक जवान पुढे आला. त्याने गाडी माझ्याकडून घेतली, बुटाच्या एका टोल्याने दट्ट्या उडवला आणि गाडी मिटवून पट्ट्यावर ठेवली. “हमारे घर में भी है,” तो म्हणाला. “नौ महीने की बेटी है. हम तो फोन पर ही देखते हैं.” मी काहीतरी बोलणार होतो, पण तोवर तो पुढच्या प्रवाशाकडे वळला होता.

पलीकडे मूल परत मिळाले, गाडी मात्र मिळेना. यंत्रावरच्या साहेबांनी ती अडवून ठेवली होती. गाडीच्या खालच्या पिशवीत त्यांना काहीतरी भरीव, वाटोळे आणि काळे दिसले होते. पिशवी उघडली, तर आईची सहाण! सोबत कागदाच्या पुडीत जायफळ आणि हळकुंड. विमानात पोर झोपावे म्हणून तिने मला न सांगता खाली सरकवली होती. साहेबांनी सहाण हातात घेऊन वजन पाहिले. “यह पत्थर किसलिए?” मी मराठीचा प्राध्यापक, बाळगुटी या विषयावर मराठीत तासभर बोलू शकेन. पण हिंदीत मला ‘घिसने के लिए’ यापलीकडे काही सुचेना, आणि त्या शब्दांनी संशय वाढला. शेवटी दाढीवाला तरुणच परत आला आणि त्याने अस्खलित हिंदीत आपल्या आजीपासून सुरुवात करून सारे समजावले. साहेबांनी जायफळाचा वास घेतला, थोडे हसले आणि सहाण परत दिली. ती तिथेच राहिली असती तर आईला काय सांगायचे, या विचाराने मला थंडीत घाम फुटला होता. त्याच सहाणेवर माझीही गुटी उगाळलेली आहे. मधे खळगा पडला आहे तिला.

दिल्लीला धुके होते. विमान अडीच तास उशिरा सुटणार असल्याचे कळले. त्या अडीच तासांत गाडीचे खरे मोल मला कळले. तिच्यावर स्वेटर होते, दुधाची पिशवी होती, थोरलीची चित्रकलेची वही होती, आणि मधे जागा उरली तिथे मूल होते. काचेच्या भिंतीलगत मी तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलत राहिलो. थांबलो की चिरंजीव डोळे उघडत. काचेपलीकडे हवाई दलाची धावपट्टी. लोहगावला नागरी विमानेही तिच्यावरूनच उडतात.

फेऱ्या मारताना या गाडीच्या कुळाचा विचार मनात आला. १७३३ साली विल्यम केंट या इंग्रज स्थापत्यकाराने ड्यूक ऑफ डेव्हनशरच्या मुलांसाठी एक गाडी घडवली. ती बोकडाने किंवा लहानशा तट्टाने ओढावी अशी योजना होती. त्या बोकडाच्या जागी कालांतराने मी आलो. पण घडी होणाऱ्या हलक्या गाडीचे मूळ विमानात आहे, ही गोष्ट मला अधिक आवडते. ओवेन मॅक्लॅरेन हे विमानांचे अभियंते. महायुद्धात गाजलेल्या स्पिटफायर विमानाच्या, उड्डाणानंतर पंखांखाली मिटणाऱ्या चाकांच्या रचनेत त्यांचा हात होता. निवृत्तीच्या काळात त्यांनी आपल्या लेकीला नातवंडाची अवजड गाडी घेऊन प्रवास करताना पाहिले, आणि म्हाताऱ्याच्या मनात आले असावे की विमानाचे पाय मिटतात, तर हिचे का मिटू नयेत? ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी, सुमारे पावणेतीन किलोंची गाडी त्यांनी तयार केली आणि १९६५ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. एका हातात मूल असताना दुसऱ्या हाताने मिटावी, असा त्यांचा हेतू होता. आमची गाडी त्या वंशातली दिसत नाही.

विमानापर्यंत बसने जायचे होते. शिडीच्या पायथ्याशी एका कामगाराने मिटलेली गाडी उचलली आणि विमानाच्या पोटाकडे नेली. आणि मग आकांत झाला. धाकटा माझ्या खांद्यावरून दोन्ही हात पसरून त्या दिशेने ओरडू लागला, “बाबा! बाबाऽ!” शिडीवरचे सारे प्रवासी वळून पाहू लागले. बाप ज्याला कडेवर घेऊन उभा आहे, ते मूल बापासाठी टाहो फोडते आहे! दाराशी उभ्या असलेल्या हवाई सुंदरीने माझ्या केसांकडे पाहिले आणि फार मायेने विचारले, “इनके पापा साथ नहीं हैं?”

“हेच बाबा आहेत,” थोरलीने मराठीत ठणकावले. “तो गाडीला बोलावतोय.” त्या बाईंना ते कितपत कळले देव जाणे.

विमानातले दोन तास मांडीवर झोप, दूध आणि पुन्हा झोप यांत गेले. उतरताना कान दुखू नयेत म्हणून बाटली तोंडात ठेवायची, हे हिने फोनवरून तीनदा बजावले होते, ते केले. सहाण मात्र वर पिशवीतच राहिली.

दिल्लीत विमानाच्या दाराशी गाडी मिळायची होती. ती आली नाही. “बेल्टवर येईल,” असे सांगण्यात आले. पुण्याला कबूल केलेले दिल्लीपर्यंत टिकत नाही, हा तसा राष्ट्रीय अनुभव आहे. मग मी त्याला कडेवर घेतला. तो लांबलचक रस्ता चालताना मला कळले की पुरुषाला कड नसते. मूल टिकत नाही, घसरत राहते. दर वीस पावलांनी उचकून वर घ्यावे लागते. थोरली शहाण्यासारखी पिशवीचा बंद धरून चालत होती. एस.टी., ट्रंक आणि पंढरपूर हे सारे माझ्या मनात होते. सगळे सामान येऊन गेल्यावर सर्वांत शेवटी, चाके वर करून, आमची गाडी आली. “बाबा!” चिरंजीव म्हणाले.

बाहेर ही उभी होती. नऊ दिवसांत वाळली होती. स्वेटरवरून तीच निळी ओढणी. थोरली धावत जाऊन तिच्या कमरेला बिलगली. हिने धाकट्यासाठी हात पुढे केले. त्याने तिच्याकडे एकदा नीट पाहिले, आणि तोंड फिरवून माझ्या मानेत लपवले. तिने पुन्हा हाक मारली, तेव्हा माझी कॉलर त्याने आणखी घट्ट धरली.

“दमलाय,” मी म्हणालो. “धुक्यामुळे उशीर…”

“हं,” ती म्हणाली. ती रडली असती तर मला बरे वाटले असते. तिने खाली वाकून गाडी उघडली. मी त्याला आत बसवले, पट्टा लावला. मी दांडा धरायला गेलो, तर तिने तो आधीच धरला होता.

आमच्या गाडीत मुलाचे तोंड पुढे असते. ढकलणारा कोण हे त्याला दिसत नाही. मी आणि थोरली त्याच्या पुढे चालत होतो, म्हणजे त्याला आम्ही दिसत राहावे. टॅक्सीच्या रांगेपर्यंत बरेच चालायचे होते. निम्म्या वाटेवर मागे चाकांचा आवाज थांबला. मी वळून पाहिले. ही गाडीवर वाकून उभी होती. तिच्या ओढणीचे एक टोक छपरावरून आत लोंबत होते.

“काय झालं?” मी विचारले. “चाक अडकलं का?”

“नाही,” ती म्हणाली. “ओढणी धरलीय त्याने.”

“मग सोडव की.”

तिने माझ्याकडे पाहिलेही नाही. तशीच वाकून, मान तिरपी करून, ओढणीला ताण बसणार नाही अशा बेताने तिने गाडी पुढे ढकलायला सुरुवात केली.